परमँगनेट खाल्लं कुणी?

ही बरणी काल भरली होती. पाणी आणि चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट, रंग गडद जांभळा. मग त्यात कुजलेल्या पाल्याची काळी माती टाकली, हलवली आणि ठेवून दिली. आज बघा, जांभळा रंग गायब, तळाशी तपकिरी गाळ. गंमत म्हणजे त्या मातीत प्रदूषण नव्हतंच!

आता हेच जमिनीखाली घडतंय असं समजा. भूजलात टीसीई, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन मिसळलंय. यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरायचे तेच. पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड, त्यामुळे खाली खाली उतरत जातं. पाणी उपसत बसण्यापेक्षा बोअरमधून परमँगनेट सोडून त्याला जागेवरच मोडायचं, हा एक मार्ग. पण औषधाचा हिशेब फक्त टीसीईवरून केलात की फसलात. मातीतला सेंद्रिय भाग, लोहाची खनिजं, सगळे त्या परमँगनेटवर तुटून पडतात. कित्येकदा टीसीईपेक्षा मातीचीच भूक कितीतरी मोठी असते.

म्हणून आधी माती प्रयोगशाळेत जाते. आणि माती वरची नाही हं, जिथे प्रदूषण आहे त्याच खोलीवरची. तिथेच क्रोमियमही बघून घ्यायचं. या धातूची दोन रूपं: एरवी मातीत निवांत पडलेलं त्रिसंयुजी क्रोमियम अशा औषधाने षटसंयुजी होऊ शकतं. ते विषारी, शिवाय पाण्याबरोबर वाहतं.

दुसरा मार्ग जिवाणूंचा. ते टीसीईतला एकेक क्लोरीन काढतात. मला मात्र या मार्गाची जास्त धास्ती वाटते, कारण गाडी मध्येच, एकच क्लोरीन उरलेल्या विनाइल क्लोराइडवर अडकू शकते आणि ते माणसात कर्करोग घडवणारं आहे. तिथून पुढे निरुपद्रवी इथिनपर्यंत नेणारे जिवाणू मुख्यतः एकाच गटातले, डिहॅलोकॉकॉइड्स. ते तिथे आहेत का, हे पाण्यातल्या डीएनएवरून कळतं. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून विरघळलेला ऑक्सिजनही मोजायचा. पंप अगदी मंद ठेवून, हवा न लागू देता. बादलीने पाणी काढून आकडा लिहिला तर तो आकडा बादलीचा!

एवढं जुळलं तरी औषध जाणार पाणी जाईल तिकडेच. वाळूच्या थरातून सुसाट, चिकणमातीत जवळपास नाहीच. त्यासाठी ब्रोमाइडसारखा खुणेचा क्षार सोडून शेजारच्या निरीक्षण विहिरींत तो कधी आणि किती पोचतो ते बघतात. मग एका कोपऱ्यात छोटी पायलट चाचणी.

पायलटनंतर महिन्याभरात पाणी स्वच्छ दिसलं की सगळे खूश होतात. थांबा जरा. चिकणमातीत वर्षानुवर्षं मुरलेलं टीसीई हळूहळू बाहेर झिरपतं आणि विहिरीतला आकडा पुन्हा चढतो. त्याच विहिरी पुढचे कित्येक महिने तपासत राहायच्या.

बरणीतला तो तपकिरी गाळ मँगनीज डायऑक्साइडचा. तो जमिनीतली छिद्रंही बुजवतो. त्याबद्दल पुढच्या व्हिडिओत.