ब्रिजटाऊन: साडेतीन डॉलरच्या तिकिटातलं बार्बाडोस

सकाळचे साडेसात वाजलेत. क्रूझची बोट धक्क्याला लागलीय, दोर बांधून झालेत आणि वरच्या डेकवर लोक कॉफीचे कप हातात धरून खाली बघतायत. खाली दिसतंय ते ब्रिजटाऊन, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटाची राजधानी. आत टीव्हीवर टूरची यादी फिरतेय, कॅटामरान, रमची डिस्टिलरी, गुहा, पाणबुडी, आणि प्रत्येकापुढे असा आकडा की चार माणसांचं घर असेल तर गुणाकार करायच्या आधीच नको वाटतं.

मी मालवणचा. सात वर्षं बोटीवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम केलं. आम्हा क्रूला ब्रेकफास्टचं आवरलं की संध्याकाळच्या तयारीपर्यंत चार-पाच तास मिळायचे, तेवढ्यात खाली उतरायचं, घरी फोन लावायचा, गरम काहीतरी खायचं, समुद्रात डुंबायचं आणि वेळेत परत यायचं. आणि पगारातला मोठा हिस्सा घरी पाठवायचा असायचा, त्यामुळे हे सगळं दहा-बारा डॉलरात बसवायचं. मुलामुलींकडे अमेरिकेत आलेले आपले कितीतरी आईबाबा मी बोटीवर बघितलेत, पोरांनी हौसेनं क्रूझला आणलेलं असायचं, पण टूरचे भाव बघून "आम्हाला काय करायचंय बाहेर जाऊन" म्हणत बोटीवरच बसून राहायचे. त्याचं मला फार वाईट वाटायचं, अजून वाटतं. हा व्हिडिओ त्यांच्यासाठी आहे, आणि रस्ता आम्हा क्रूचा आहे.

आधी पैशाचं सांगतो. इथलं चलन बार्बाडोस डॉलर, आणि 1975 पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर असा ठरलेला दर आहे. दुकानात, बाजारात बहुतेक ठिकाणी अमेरिकन नोटा चालतात, फक्त सुटे परत मिळतात ते स्थानिक डॉलरमध्ये. त्यामुळे भाव सांगितला की "कुठले डॉलर?" एवढं विचारायचं, निम्म्याचा फरक पडतो. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही, हे बेट कोरलच्या चुनखडीचं आहे, पाऊस त्यातनं गाळून खाली जातो आणि नळाचं पाणी अगदी पिण्यासारखं असतं. आणि एक, मिलिटरी छापाचे कपडे घालून उतरू नका. इथं साध्या माणसानं ते घालणं कायद्यानं बंद आहे, लहान पोराच्या टोपीलासुद्धा. आमच्यातला एक जण तसली बर्म्युडा घालून उतरला आणि गेटवरनं बदलायला परत आला, त्याच्या सुट्टीतला पाऊण तास गेला तो गेलाच.

टर्मिनलच्या बाहेर टॅक्सीवाले विचारतात, हसून नको म्हणायचं आणि समुद्राच्या कडेनं चालायला लागायचं. गाव दीड किलोमीटरच्या आसपास आहे, रमतगमत वीस मिनिटं. वाटेत पेलिकन व्हिलेज लागतं, छोट्या छोट्या कारागिरांची दुकानं, मातीची भांडी, लाकडाचं काम, बघायला पैसे पडत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपल्या लोकांचा गोंधळ होत नाही.

पुढे चीपसाइड मार्केट. शनिवार असेल तर तुमचं नशीब, सकाळी भरगच्च असतं. इथं मात्र थांबायचंच, कारण कोकणातला माणूस इथं आला की त्याला परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. हा बघा नीरफणस, आपण काप करतो तोच. भेंडी आहे, रताळी आहेत, हिरव्या मिरच्या, नारळ. ही हिरवीपिवळी फळं, ह्याला ते गोल्डन ॲपल म्हणतात, पण कापलं की आत काटेरी बाठा आणि तोच आंबटगोड वास, आपल्या अंबाड्याच्याच जातीतलं आहे ते. आणि हे छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले तपकिरी गोळे, वरून साखर, हे चिंचेचे. चिंच, साखर, थोडी मिरची, हातानं वळलेले. तोंडात टाकला की आधी साखर लागते, मग आंबट अशी की डोळे मिटतात, मग जिभेच्या मागच्या बाजूला मिरची येते आणि सगळ्यात शेवटी दाताखाली चिंचोका. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला शाळेबाहेरची गाडी आठवली. विकणाऱ्या मावशींना मी सांगितलं की आमच्याकडे पण हे झाड आहे, तर त्यांनी विचारलं तुम्ही त्याचं काय करता, आणि मग मी माशाच्या कढीबद्दल बोलत राहिलो आणि त्या ऐकत राहिल्या. हे कुठल्याही टूरमध्ये मिळत नाही.

ब्रॉड स्ट्रीटवर ड्युटी फ्रीची दुकानं आहेत, ती सोडून सरळ पुलापर्यंत या. हे करीनेज. नदीच्या तोंडाशी असलेलं छोटं बंदर. पूर्वी शिडाची जहाजं इथं आणून कलती करायचे आणि बुडाला चिकटलेलं शेवाळ, कालवं खरवडून काढायचे, त्या कामाला करीन करणं म्हणतात, त्यावरनं नाव पडलं. आपल्याकडे होडी वाळूवर ओढून बूड साफ करतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल. आणि ब्रिजटाऊनमधला ब्रिज म्हणाल तर 1628 ला इंग्रज इथं वसायला आले तेव्हा मूळच्या लोकांनी बांधलेला एक पूल आधीच होता, त्यावरनं गावाला नाव मिळालं. हा सगळा भाग आणि पुढचं गॅरिसन, म्हणजे इंग्रजांची जुनी लष्करी छावणी, 2011 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्यातनं फिरायला तिकीट नाही.

पुलाजवळच्या चौकात थोडं उभं राहा. इथं इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन ह्याचा पुतळा होता, 1813 साली बसवलेला, म्हणजे लंडनमधल्या त्याच्या त्या उंच खांबाच्याही आधीचा. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तो उतरवला. वर्षभरानं, 30 नोव्हेंबर 2021 ला, बार्बाडोसनं इंग्लंडच्या राणीला राष्ट्रप्रमुख पदावरनं काढलं आणि प्रजासत्ताक झाला. हे बेट ऊसावर श्रीमंत झालं आणि तो ऊस आफ्रिकेतनं पकडून आणलेल्या माणसांच्या पाठीवर उभा राहिला. ज्यांचे पूर्वज विकले गेले त्यांनी तो पुतळा खाली घेतला, ह्याला मी कुठल्याही स्मारकापेक्षा मोठं मानतो. इथनं पाच-सात मिनिटांवर ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नीधे इस्रायल सिनेगॉग आहे, मूळचं 1654 चं, 1831 च्या वादळात पडल्यावर परत बांधलेलं. आत म्युझियमला तिकीट आहे, बाहेरून बघायला नाही.

आता भूक लागलेली असणार. इथला राष्ट्रीय पदार्थ कुकू आणि उडता मासा. कुकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून घोटलेलं, मऊसूत, वर माशाचा रस्सा. भेंडी घातलेलं पीठ म्हटल्यावर नाक मुरडू नका, खाऊन बघा. घाई असेल तर फिश कटर घ्या, कटर म्हणजे इथल्या गोल पावात भरलेलं काहीही, फिश असेल तर तळलेला मासा, आणि वर पिवळा तिखट सॉस, त्यात स्कॉच बॉनेट मिरची असते. आपल्याला तिखटाची सवय आहे असं म्हणून भसकन ओतू नका, ही मिरची वेगळी आहे. शाकाहारी माणसानं मॅकरोनी पाय विचारावा, चीज घालून भाजलेला असतो, त्यात अंडं असू शकतं ते आधी विचारून घ्यावं. आणि रस्त्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी दिसली तर सोडायची नाही, सरबत घातलं की वर कंडेन्स्ड मिल्क मागायचं.

पुलापासून दक्षिणेला पंधरा मिनिटं चाललं की कार्लाइल बे. ब्राऊन्स बीच, आणि पुढे पेबल्स बीच. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, महागातल्या महाग हॉटेलच्या पुढ्यातला सुद्धा, वाळूवर बसायचे पैसे कुणी मागू शकत नाही. खुर्ची-छत्रीचे पडतात, ते भाव आधी ठरवून घ्या, नाहीतर बोटीवरचा टॉवेल टाकून झाडाखाली बसा. फक्त झाड बघून. मँचिनील नावाचं एक झाड इथं किनाऱ्यावर असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि ते विषारी आहे, चीक लागला तर कातडी भाजते, पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तरी. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. पोरं बरोबर असतील तर हे आधी सांगून ठेवा. पाणी शांत आहे, खाडीच्या तळाशी बुडालेल्या बोटी आहेत, त्यात 1919 ला बुडालेली बरविन नावाची टगबोट इतक्या उथळ पाण्यात आहे की साधा मास्क लावून वरून दिसते, आणि नशीब असलं तर कासव. चांगलं पोहता येत असेल तरच जा, वर मोटरबोटी फिरत असतात.

फोन लावायचा असेल तर इथंच. इथले सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, घरी सगळे जेवायला बसलेले असतात. मी फोन पाण्याकडे धरायचो आणि आई विचारायची, "एवढं निळं खरंच आहे काय रे?"

वेळ हातात असेल तर झेडआर पकडा. पांढरी व्हॅन, त्यावर मरून रंगाचा पट्टा, नंबरप्लेट झेड आर अक्षरांनी सुरू होते म्हणून ते नाव. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठंही उतरा तेवढंच, म्हणजे आपले दीडेकशे रुपये. ही म्हणजे इथली वडाप. सीट भरल्यावर पण माणसं भरतात, गाणी मोठ्यानं, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच चालवतो, आणि तरीही चढताना प्रत्येक जण आतल्यांना गुड मॉर्निंग म्हणतो, तुम्हीही म्हणा. 11 नंबर दक्षिण किनाऱ्यानं ऑइस्टिन्सपर्यंत जाते, तिथं मासळीबाजार आहे. परत येताना स्टॉपच्या पाटीवर "टू सिटी" लिहिलंय ना ते बघायचं, "आउट ऑफ सिटी" असेल तर समोरच्या बाजूला उभं राहायचं.

आणि घड्याळ बोटीचं बघायचं. कधी कधी बोटीची वेळ आणि बेटाची वेळ ह्यात तासाचा फरक असतो, उतरताना गँगवेवरच्या, म्हणजे उतरायच्या शिडीपाशी लावलेल्या, बोर्डाचा फोटो काढून ठेवा. स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही, मी डेकवरनं धावत येणारी माणसं बघितलीत. तासभर आधी परत फिरायचं.

परत फिरताना शेवटचा थांबा, बंदरापासून चालत पंधरा मिनिटांवर. केन्सिंग्टन ओव्हल, क्रिकेटचं मैदान. बाहेर वेस्ट इंडीजचा महान खेळाडू सर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, बॅट फिरवतानाचा. मॅच नसली तरी गेटपर्यंत जायचं. 29 जून 2024 ला ह्याच मैदानावर आपण दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 वर्ल्डकप जिंकला आणि रोहितनं पिचवरची माती तोंडात घातली. आणि 1997 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध टेस्टमध्ये 120 करायचे असताना 81 वर ऑलआउट झालो तेही इथंच, सचिन कॅप्टन होता. त्याच्याही मागे 1962, इथला फास्ट बॉलर ग्रिफिथ, त्याचा बॉल आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, आणि रक्त द्यायला पुढं आले त्यात वेस्ट इंडीजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल होता, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर होते. आज त्या वॉरेलचं आणि त्या ग्रिफिथचं, दोघांचं नाव इथल्या स्टँडना आहे.

बोटीवर माझा एक सीनियर होता, मडगावचा, रिटायरमेंटला आलेला. क्रिकेटचं त्याला फार वेड नव्हतं. पण ब्रिजटाऊनला उतरलो की परतीच्या वाटेवर तो न चुकता ह्या गेटपाशी यायचा, टोपी काढायचा, जाळीतनं आतलं हिरवं गवत बघायचा. 1971 ची वेस्ट इंडीजविरुद्धची मॅच, आपली अवस्था 6 बाद 70, आणि तिथनं दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकरनं 186 ची भागीदारी केली, सरदेसाईंचे त्यात 150. सरदेसाई मडगावचे. तो दरवेळी मला एकच वाक्य सांगायचा, जसं काही पहिल्यांदाच सांगतोय, "हांगा आमच्या सरदेसायान दीडशें केल्ले." मग टोपी घालायचा, खिशातनं चिंचेच्या गोळ्यांची पिशवी काढून माझ्यापुढे धरायचा, आणि आम्ही दोघं बंदराच्या रस्त्याला लागायचो.