एकच दार, हजार वेळा

पडद्यावर दाराची चौकट दिसतेय आणि तिच्या अलीकडे करड्या रंगाची व्हीलचेअर. ही खुर्ची अजून बनलेलीच नाही. पण तिचं वजन, मोटरची ताकद, चाकांची पकड, सगळं संगणकात आकड्यांत भरलेलं आहे. हे सिम्युलेशन, म्हणजे खरी खुर्ची बनण्याआधीची पडद्यावरची चाचणी. खुर्ची निघते, चौकटीला घासते, मागे येते, पुन्हा निघते. रात्रभरात हे हजार वेळा होईल आणि कुणाच्या गुडघ्याला खरचटणारही नाही.

पुढची दोन छोटी चाकं बघा. हे कॅस्टर. खुर्ची मागे घेऊन पुन्हा पुढे काढली की ते गर्रकन उलटे वळतात आणि त्या क्षणी खुर्ची बाजूला ओढली जाते. अगदी बोटभर. अरुंद दारात तेवढंही पुरतं. रोज खुर्ची चालवणाऱ्याच्या हे अंगवळणी पडलेलं असतं, संगणकाला मात्र शिकवावं लागतं. नाही शिकवलं, तर पडद्यावरची खुर्ची झोकात पार होते आणि खरी दारात अडकते.

हे लाल ठिपके लायडारचे. लेझरचा किरण समोरच्या वस्तूवरून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. समोर काचेचं दार असेल तर बराचसा किरण आरपार जातो आणि खुर्चीला वाट मोकळी वाटते. म्हणून जोडीला अल्ट्रासोनिक सेन्सर लावतात, कारण ध्वनी काचेवरून परततो. तो किती उंचीवर बसवायचा, हेही इथेच ताडून पाहता येतं.

आता हा हात. जॉयस्टिकवर ठेवलेला, थरथरणारा. पार्किन्सनमधला कंप साधारणपणे सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो. माणूस ठरवून हात वळवतो, ती हालचाल बहुतेक वेळा याहून संथ असते. या फरकावरून सॉफ्टवेअर कंप गाळतं. जास्त गाळला तर खुर्ची उशिरा वळते, कमी गाळला तर नागमोडी जाते. नेमकं किती गाळायचं, ते प्रत्येक हाताचं वेगळं. म्हणूनच सिम्युलेशनमध्ये खुर्चीइतकाच हा हातही भरायला हवा. सकाळचा ताजा आणि संध्याकाळी थकलेला, दोन्ही. धडधाकट माणसाच्या हातावर बेतलेली खुर्ची या हाताच्या उपयोगाची नाही.

आणि खुर्चीने किती शहाणपण करायचं? हे टेबल घ्या. सेन्सरच्या लेखी तो अडथळा, पण बसलेल्या माणसाला तिथेच जायचंय, लिहायला. खुर्चीने वेग कमी करावा, कडेला धक्का लागू देऊ नये, पण कुठे जायचं ते हा हातच सांगणार. यात तडजोड नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 8 कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे. त्यांतल्या बहुतेकांना साधी, योग्य खुर्चीही मिळत नाही.

हे खरं दार. खरी खुर्ची. हात तोच. कॅस्टर वळतायत.

आता फक्त मोटरचा आवाज ऐका.