प्रोटॉनचा पूर

(दृश्य: रामकुंड, पहाट)

गंगेवर उजाडतंय. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या पायरीवर उभ्या आजी ओंजळीतून अर्घ्य सोडतायत. त्यांना दिसतोय तो सूर्य 8 मिनिटं 20 सेकंदांपूर्वीचा.

कधीकधी या उजेडाच्या मागोमाग, काही मिनिटांतच, प्रोटॉनही येऊन थडकतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि हवा आपल्याला सांभाळून घेतात. अंतराळवीराला तो आडोसा नसतो. ऑगस्ट 1972 मध्ये असाच मोठा लोंढा आला, तेव्हा अपोलो 16 परतलं होतं आणि अपोलो 17 निघायचं होतं. त्या वेळी चंद्रावर कोणी नव्हतं, हे नशीबच.

एवढा वेग येतो कुठून? उष्णतेतून म्हणावं, तर हिशेब जुळत नाही. सूर्याच्या प्रभामंडळाचं, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचं, तापमान 10 लाख अंशांच्या वर, तरी तिथल्या प्रोटॉनच्या वाट्याला जेमतेम शंभरेक इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं एकक) ऊर्जा येते. मोठ्या उद्रेकात काही प्रोटॉन अब्जाच्या घरात पोचतात. एक कोटी पट!

सूर्याचा मधला पट्टा साधारण 25 दिवसांत फिरतो, ध्रुवांकडचा भाग बराच मागे राहतो. त्यामुळे चुंबकीय रेषांना पीळ बसत जातो. पीळ फार झाला की रेषा तुटून नव्याने जुळतात, साठलेली ऊर्जा मोकळी होते. ही सौरज्वाला. काही प्रोटॉन इथेच उधळतात.

(दृश्य: सूर्यावरून उसळणारा प्लाझ्मा)

कधी त्याबरोबर अब्जावधी टन प्लाझ्माही, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, बाहेर फेकला जातो, सेकंदाला 2000 किलोमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही वेगाने. त्याच्या पुढे आघात-तरंग, म्हणजे दाबाची जोरदार लाट, धावतो. समोरून येणाऱ्या एसटीवर रबरी चेंडू आदळला, तर तो टाकला त्याहून जोरात परत येतो. इथे तसंच घडतं. तरंगाच्या पुढचं खवळलेलं चुंबकीय क्षेत्र प्रोटॉनला मागे ढकलतं, मागचं पुन्हा पुढे. दर फेरीला ऊर्जेत थोडी भर. या विचाराचं बीज भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी 1949 मध्ये मांडलं. थोडं थोडं साठत एवढं होतं, याचं मला आजही नवल वाटतं. ज्वालेचा वाटा किती आणि तरंगाचा किती, यावर मात्र शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे.

(दृश्य: दुतोंड्या मारुती)

पूर किती आला, हे नाशिकमध्ये दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून सांगतात. प्रोटॉनच्या पुरासाठी आपलं आदित्य-एल1 यान जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या वाटेवर उभं आहे. त्यावरचं अहमदाबादला घडलेलं ‘आस्पेक्स’ उपकरण येणारे कण मोजतं: किती आले, कुठल्या दिशेने, किती ऊर्जा घेऊन.