रिकामं पद्मासन

(दृश्य: अंधार. लाटांचा अगदी हलका आवाज. लांबवर मासेमारी होडीचा एकच दिवा.)

बालीतला सानूर किनारा. सहाला पाच कमी आहेत. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे पुण्यात अजून साखरझोपेची वेळ. आणि आम्ही दहाबारा जण चपला हातात घेऊन वाळूवर मॅट अंथरतोय.

आदल्या रात्री यावरून आमच्यात वाद झाला होता. "योगासनं करायला बालीला कशाला यायला हवं? गच्चीवर सतरंजी टाकली की झालं," हे मत माझंच होतं. शाळेत रथसप्तमीला सूर्यनमस्कार घातलेत, योगगुरू अय्यंगारांच्या गावात, पुण्यात, वाढलेय. परदेशात पैसे मोजून ताडासन कोण शिकणार! पण मुलीनं दोघींची नावं देऊन टाकली होती.

(आवाज: लाउडस्पीकरची खरखर. मग गायत्री मंत्र.)

सहाच्या ठोक्याला मी दचकलेच. झाडीपलीकडच्या लाउडस्पीकरवरून आला तो चक्क गायत्री मंत्र. चाल अनोळखी, उच्चार असे की आपल्याकडच्या गुरुजींनी कपाळाला हात लावला असता; पण शब्द तेच. बालीतले हिंदू दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला, त्रिसंध्या करतात. तिची सुरुवात गायत्रीनं होते. आमचे शिक्षक मंत्र संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले, "ओम स्वस्त्यस्तु." हा इथला नमस्कार. त्यांना सगळे 'ब्ली' म्हणतात. ब्ली म्हणजे आपला दादा.

(दृश्य: वाळूत रुतणारी टाच, जवळून.)

आता ताडासन. फरशीवर सगळ्यात सोपं वाटणारं आसन. वाळूवर उभी राहिले आणि दोन मिनिटांत कळलं की माझा सगळा भार उजव्या टाचेवर असतो. ती टाच मॅटसकट खाली गेली होती, डावी वरच होती. घरच्या गुळगुळीत फरशीनं इतकी वर्षं ही चोरी लपवून ठेवली होती.

अधोमुख श्वानासनात तर मनगटांनी हात टेकले. मऊ वाळूत तळव्याची मनगटाकडची बाजू रुतते, मनगट जास्तच वाकतं आणि कळ येते. ब्लींनी उपाय सांगितला: मॅट घेऊन पाण्याकडं सरका. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते. तिथंही ज्यांना दुखलं, त्यांच्या मनगटाखाली त्यांनी टॉवेलची घडी सरकवली. मला अय्यंगारांच्या ठोकळ्यांची आणि पट्ट्यांची आठवण झाली. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल, तर जमीनच थोडी वर आणायची.

सोबत दोन सूचना, कोणी विचारल्या नसल्या तरी. सनस्क्रीन तळव्यांना लावू नका, हात घसरतात. आणि साडेसातच्या आत आटोपा. त्यानंतरचं ऊन योगाचं नव्हे, पापडाचं.

(दृश्य: वृक्षासनातली रांग. मागं रंगीत जुकुंग होड्या, नाकाडावर डोळे रंगवलेल्या.)

वृक्षासनात शिक्षक नेहमी सांगतात, नजर एका स्थिर बिंदूवर ठेवा. समुद्रावर स्थिर काय असतं? मी एका होडीवर नजर लावली. होडी हलली, मीही हलले, आणि शेजारच्या ऑस्ट्रेलियन काकूंच्या अंगावर गेले. दुसऱ्यांदा समोरचं नुसा पेनिदा बेट धरलं. बेट आपल्या जागी राहिलं. मीही, जेमतेम.

(दृश्य: सूर्य क्षितिजावर. डावीकडं ढगांतून बालीच्या पवित्र आगुंग पर्वताचा माथा.)

मग सूर्यनमस्कार. समोर खराखुरा सूर्य, आणि मोजणी मात्र इंग्रजीत, श्वासांची. मी मनातल्या मनात 'ओम मित्राय नमः' सुरू केलं. या नमस्कारांचा ध्यास एका मराठी राजानं घेतला होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी गावोगावच्या शाळांपर्यंत त्यांचा प्रसार केला. ब्लींना हे सांगितलं, तर त्यांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दोन्ही वेळा त्यांना जमलं नाही.

(दृश्य: शवासन. खालून वर दिसणारे माड.)

शवासनात डोळे मिटायचे असतात. मी मिटले नाहीत. वर फक्त माडांचे शेंडे आणि आभाळ. यालाही कारण आहे. १९६६ साली याच किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल उघडलं. बालीच्या लोकांना ते रुचलं नाही आणि पुढं नियम झाला: इमारत माडापेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा, उंच नको. ते जुनं हॉटेल अजून उभं आहे. मान वळवली नाही, तर दिसत नाही.

मान वळवली तेव्हा दिसलं एक कुत्रं. त्याच्यापुढं माडाच्या कोवळ्या पानांची चौकोनी टोपली, तिच्यात फुलं आणि वर एक बिस्किट. हिला चनांग सारी म्हणतात. घरोघरी, दुकानादुकानासमोर रोज ताजी ठेवतात. पांढरी फुलं पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला. कुत्र्यानं दिशांचा मान राखला. फक्त बिस्किट उचललं.

(दृश्य: किनाऱ्यालगतचं देऊळ.)

वर्ग संपल्यावर मी ब्लींना म्हटलं, "पद्मासन राहिलंच की." ते हसले आणि जवळच्या देवळाकडं घेऊन गेले. अंगणाच्या कोपऱ्यात, आगुंगच्या दिशेला, दगडी कोरीव चौथऱ्यावर एक उंच आसन. पाठ आहे, हात टेकायला जागा आहे. मूर्ती नाही.

"हे पद्मासन," ब्ली म्हणाले.

बालीत हा शब्द देवळातल्या सर्वोच्च जागेचा आहे. अचिंत्य, म्हणजे ज्याची कल्पनाच करता येत नाही, त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची. म्हणून ती रिकामी.

मी दारातच थांबले होते. कमरेला सारोंग नसेल तर आत जाता येत नाही, आणि माझ्या अंगावर वाळूनं भरलेली ट्रॅक पँट. आतून एक बाई आल्या, हातात टोपल्यांचं तबक. त्यांनी एक टोपली त्या आसनावर ठेवली, उदबत्तीचा धूर हातानं वर ढकलला आणि पुढच्या कोनाड्याकडं गेल्या.

(आवाज: लाटा. चित्र हळूहळू काळं.)