जुना धागा सोडण्याआधी

(सोलापुरात ऑनलाइन दुकान चालवणारे व्यापारी, कारखानदारांची पुढची पिढी आणि संगणक शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे ते ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर जपून कसं बदलायचं याबद्दल. इथल्या बऱ्याच जणांच्या घरी माग आहे, म्हणून मागापासूनच सुरुवात करतो. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की आपण जुना ताणा, म्हणजे ते उभे धागे, मागाच्या वही-फणीतून उपसून टाकत नाही. त्याची टोकं तशीच ठेवतो, नव्या बीमचा एकेक धागा त्या टोकांना सांधतो आणि मग सावकाश पुढे ओढतो. जुन्याच्या आधाराने नवा ताणा पार होतो. सगळे धागे नव्याने भरायचे ठरवले तर माग किती दिवस बंद राहील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मागावर इतकं जपून काम करणारी आपली माणसं दुकानाच्या सॉफ्टवेअरवर मात्र रात्री अकराला ‘अपडेट’चं बटण दाबून मोकळी होतात. तिथे जुना धागा आधी कापला जातो आणि नव्याचा शोध नंतर सुरू होतो.

दुसरीकडे, बदल करा म्हटलं की एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं : ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ मॅजेंटो हे ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा आधार, म्हणजे कंपनीकडून होणारी दुरुस्ती, ३० जून २०२० ला संपला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, सप्टेंबरमध्ये एकाच शनिवार-रविवारच्या सुमारास जगभरातली जवळजवळ दोन हजार मॅजेंटो दुकानं फोडली गेली. त्यांतली बहुतेक याच जुन्या आवृत्तीवर चालत होती. पैसे भरायच्या पानावर चोरटा कोड बसवला होता, गिऱ्हाईक कार्डाचा नंबर टाकी आणि तो परस्पर चोराकडे जाई. दुकान मात्र छान चालू दिसत होतं. दुकानाचा कोड ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीच्या ७.४ आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, माल आणि ऑर्डरींच्या नोंदी ठेवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ ची ऑक्टोबर २०२३ मध्ये. तुमचं दुकान यांतल्या कशावर उभं आहे, हे आज घरी गेल्यावर विचारा.

म्हणजे बदल करावाच लागणार. तो करायच्या आधी मी प्रत्येक दुकानदाराला एकच गोष्ट विचारतो : बिघडलं तर परत कसं यायचं? ‘बॅकअप आहे’, म्हणजे राखीव प्रत आहे, असं सगळेच सांगतात. तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून दुकान उभं करून पाहिलंय का, असं विचारलं की शांतता पसरते.

गिटलॅब ही कंपनी प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे रात्री उशिरा एका अभियंत्याने चुकून भलत्याच सर्व्हरवर हुकूम दिला आणि सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. सुरक्षेचे पाच मार्ग त्यांच्याकडे होते, पण वेळेला एकही धड कामाला आला नाही. त्यातल्या एकाचं कारण नीट ऐका. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस नावाचा, आवृत्ती ९.६ होती आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं चालत होतं. आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप रोज फसत होता, आणि तो फसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी चाचणीसाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, उघडपणे लिहून जगापुढे ठेवलं. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. चादरी आणि टॉवेल विकणारं एक छोटं दुकान होतं. बदल फसला, आम्ही बॅकअप उतरवला. किमती जागेवर, फोटो जागेवर, पण मराठीत लिहिलेलं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह झालेलं. बॅकअप घेताना अक्षरांची सांकेतिक पद्धत मी तपासली नव्हती. यूटीएफ-८ या आजच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन कप्पे, घेतं. बॅकअप रोमन लिपीसाठीच्या जुन्या लॅटिन पद्धतीने घेतला की त्यात ते मावत नाही आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. मालाची नावं पुन्हा लिहिता आली असती. पण गिऱ्हाइकांचे पत्तेही मराठीत होते आणि पार्सलं बांधून तयार होती. आकडे तेवढे शाबूत राहिले, त्यामुळे मोबाइल नंबर वाचले. दुकानाच्या ताईंनी दोन दिवस एकेकाला फोन लावला आणि पत्ता विचारून वहीत उतरवून घेतला. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेव्हापासून कितीही घाई असो, प्रत उघडून मराठीतला एक पत्ता डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

परतीच्या वाटेची दुसरी अडचण याहून अवघड आहे. समजा पहाटे पाचला दुकान बंद केलं, प्रत घेतली, नवं बसवलं आणि सातला दार उघडलं. दहा वाजता कळलं की कुरिअरची चिठ्ठीच निघत नाही. आता पाचची प्रत परत बसवली, तर सात ते दहामधल्या ऑर्डरी गेल्या. त्या माणसांनी पैसे भरलेत. म्हणून दार उघडायच्या आधीचा काळ सोन्यासारखा. सगळी तपासणी दार बंद असताना, आणि उघडल्यावर आलेली प्रत्येक ऑर्डर पहिले काही तास वेगळ्या फाइलमध्येही उतरवायची. परत फिरावं लागलं तर ती यादी हाताशी असते.

दार बंद करतानाही एक गोष्ट विसरू नका. त्या क्षणी कुणीतरी यूपीआयने पैसे भरत असतं. त्याचे पैसे कापले जातात आणि ‘पैसे मिळाले’ हा पेमेंट कंपनीचा निरोप तुमच्या बंद दाराशी येतो. त्या कंपन्या निरोप पुन्हा पाठवतात, पण त्यावर विसंबू नका. त्यांच्याकडची त्या तासांची यादी आणि आपल्या ऑर्डरी शेजारी शेजारी ठेवून जुळवा.

हे सगळं करायच्या आधी एकदा तालीम करा, आणि ती खऱ्या दुकानाच्या हुबेहूब प्रतीवर. या प्रतीतले ईमेल आणि एसएमएस आधी बंद करा. नाहीतर तालमीतली ‘तुमचा माल निघाला’ ही सूचना खऱ्या माणसाला जाते आणि तो दारात बसून वाट पाहतो.

तालमीत पान उघडतं का, एवढ्यावर समाधान मानू नका. एक नॅपकिन स्वतः विकत घ्या, खऱ्या पैशांनी. मग तो रद्द करा आणि पैसे परत येतात का ते बघा. बिल काढून कर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चादर-टॉवेलसारख्या मालासाठी पाच टक्के जीएसटीची मर्यादा नगाला १००० रुपयांवरून २५०० रुपयांवर गेली. हा नियम तुम्ही जुन्या दुकानात हाताने बसवला असेल, तर तो नव्यात आपोआप येईलच असं नाही. नगाप्रमाणे मोजायची मर्यादा एखादा प्लगइन, म्हणजे दुकानाला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, पूर्ण बिलावर लावतो, आणि चार चादरींच्या गिऱ्हाइकाला जास्तीचा कर पडतो. मला वाटतं, या तपासणीला प्रोग्रामरपेक्षा तुमचे हिशोबनीस जास्त उपयोगी. त्यांना शेजारी बसवा.

सगळं एकदम बदलायचा मोह टाळा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी सगळी खाती नव्या प्रणालीवर हलवली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडेनात, आणि घडी पूर्ववत बसायला डिसेंबर उजाडला. आपल्याकडे तेवढा पैसा नाही आणि तेवढा वेळही नाही. एका आठवड्यात पीएचपी, पुढच्यात डेटाबेस, मग मुख्य प्रणाली, शेवटी दुकानाचं रूप. प्रत्येक पावलानंतर चार दिवस थांबा.

दिवस कोणता, तर मंगळवार किंवा बुधवार, पहाटे. शुक्रवारी रात्री नको, कारण बिघडलं तर होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे, जाणकार माणूस भेटत नाही आणि आपलेही डोळे मिटायला लागलेले असतात. दिवाळीच्या आधीचा महिना नको, लग्नसराई नको, आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना तर नकोच.

आणि परत फिरायची वेळ आदल्या दिवशी कागदावर लिहा. ‘साडेआठपर्यंत नॅपकिनची ऑर्डर, बिल आणि कुरिअरची चिठ्ठी हे तिन्ही निघालं नाही, तर जुनं दुकान परत.’ त्याखाली एकाच माणसाचं नाव, जो परत फिरायचा हुकूम देईल. ऐनवेळी ‘अजून दहा मिनिटं’ म्हणणारा प्रोग्रामर प्रामाणिकच असतो, मीही म्हटलेलं आहे. पण त्या दहा मिनिटांची दुपार होते.

नवं नीट चाललं तरी जुना सर्व्हर लगेच सोडू नका. महिनाअखेरीचा जीएसटीचा हिशोब नव्या दुकानातून निघून जुळेपर्यंत त्याचं भाडं भरा. आता तुमचे प्रश्न घेतो.