पाटी आपली आहे, विकायची नाहीये

नमस्कार मंडळी. आज वेबसाइटच्या नावाबद्दल बोलणार आहे, म्हणजे डोमेनबद्दल. तुमच्यापैकी कित्येकांनी दुकानाचं, क्लासचं, नाहीतर नुसतं आडनावाचं डोमेन घेऊन ठेवलं असेल, आणि मग एक दिवस मेल येतो की साहेब, हे नाव आम्हाला हवंय, बोला किती घेणार.

आमच्याकडे पण आला. बाबांची सांगलीत छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असलं काम, आणि 2008 साली मी आमच्या आडनावाचं डोमेन घेतलं होतं. साइटवर एकच पान, पत्ता, फोन नंबर आणि पत्रिकांचे चार नमुने. मेलवाल्याचं म्हणणं, तुम्ही हे नाव वापरत नाही असं दिसतंय, 200 डॉलर देतो. मी बाबांना वाचून दाखवलं तर शाईचे हात पुसत ते म्हणाले, "वापरत नाही म्हणजे? पाटी आहे ती आपली."

मी उत्तरच दिलं नाही. चार दिवसांनी परत मेल, मग आठवड्याने "शेवटची संधी", मग जेवायच्या वेळेला फोन. तरी नाही दिलं. तुम्हीही द्यायलाच पाहिजे असं काही नाही, वर्षाची फी भरताय तोवर नाव तुमच्याकडे, आणि पान साधं आहे म्हणून नाव सोडावं लागतं असा कुठलाही नियम नाही. फारच मागे लागला तर एकच ओळ लिहायची, विकायचं नाही, आणि पुढचे मेल सरळ स्पॅममध्ये टाकायचे.

फक्त एक करू नका, वैतागून आकडा फेकू नका. 2003 मध्ये कॅनडातल्या माइक रो नावाच्या 17 वर्षांच्या पोराने माइकरोसॉफ्ट डॉट कॉम घेतलं, स्वतःच्या नावापुढे सॉफ्ट जोडून. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी 10 डॉलर देऊ केले, पोराला राग आला, त्याने 10,000 मागितले, आणि वकिलांनी तेच उत्तर त्याच्यावर उलटवलं की बघा, हा पैसे उकळायला बसलाय. शेवटी तडजोड झाली आणि नाव गेलं. कारण 1999 पासून डोमेनच्या भांडणांसाठी जे यूडीआरपी नियम आहेत, त्यात ट्रेडमार्कवाल्यालाच चढ्या भावाने विकायला नाव घेतलं असेल तर तो वाईट हेतूचा पुरावा धरतात.

याउलट अमेरिकेतले उझी निसान. आडनावच निसान, कॉम्प्युटरचा धंदा, 1994 मध्ये निसान डॉट कॉम घेतलेलं, आणि 1999 मध्ये निसान मोटर कंपनीने 1 कोटी डॉलरचा दावा लावला. कोर्टात वर्षानुवर्षं गेली, गाड्यांच्या जाहिराती त्या साइटवर लावायच्या नाहीत असं बंधनही आलं, पण माणूस हटला नाही, 2020 मध्ये वारले तेव्हाही नाव त्यांच्याकडेच होतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता फसवणुकीचं बोलते, कारण खरा धोका तिथेच आहे. आमच्या दुसऱ्या मेलवाल्याने भाव एकदम चांगला लावला, मग हळूच म्हणाला की आधी अमुक साइटवरून किंमतीचं सर्टिफिकेट काढून पाठवा. ती साइट त्याचीच असते हो, सर्टिफिकेटचे पैसे घेतो आणि गायब! विकणाऱ्याकडूनच पैसे मागितले की तिथेच थांबायचं. अजून एक प्रकार, चीनमधली कुठली तरी कंपनी तुमचं नाव डॉट सीएनमध्ये घेतेय, पटकन आमच्याकडे बुक करा, असा मेल येतो, तोही घाबरवून गिऱ्हाईक करायचा धंदा आहे. आणि ऑथ कोड, पासवर्ड, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, ऑथ कोड म्हणजे नाव दुसरीकडे हलवायची किल्ली असते.

खरंच विकायचं असेल तर एस्क्रोमधून विका, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थामार्फत, आणि पैसे त्याच्याकडे जमा झाल्याशिवाय नाव हलवू नका.

कायदेशीर नोटीस आली तर मात्र गप्प बसू नका बरं का, ती वेगळी गोष्ट आहे. यूडीआरपीची तक्रार असेल तर उत्तराला 20 दिवस असतात, डॉट इनच्या भांडणांसाठी आपल्याकडे आयएनडीआरपी नावाचे तसेच नियम आहेत, वकिलाला दाखवा, नाहीतर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागतो.

आणि मेलवाल्यांचं सोडा, कित्येक नावं जातात ती रिन्यू करायचं विसरल्याने. आज घरी गेल्यावर रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून नाव घेतलं त्या कंपनीच्या, खात्यात बघा, नाव परस्पर दुसरीकडे हलू न देणारं ट्रान्सफर लॉक चालू आहे का, ऑटो रिन्यूला लावलेलं कार्ड संपलेलं तर नाही ना, आणि तिथला ईमेल अजून तुम्ही उघडता का. डॉट कॉमचे जास्तीत जास्त 10 वर्षांचे पैसे एकदम भरता येतात. मी परवा आमचे 5 वर्षांचे भरले, तर बाबांनी पावतीची प्रिंट मागितली, पंच मारून प्रेसच्या फाइलला लावली, लाइट बिलाच्या वरती.