एका तासाचा शब्द

नमस्कार श्रोतेहो.

1 सप्टेंबर 1965. बुधवारची दुपार टळली होती. त्या दिवशी पहाटे पाकिस्तानी तोफा जम्मूतल्या छांबवर धडाडल्या आणि मागोमाग पॅटन रणगाडे पुढे सरकू लागले. त्यांचा रोख होता अखनूरकडे, चिनाब नदीवरच्या पुलाकडे. तो पूल गेला असता तर राजौरी आणि पूंछकडची आपली फौज बाकीच्या सैन्यापासून तुटली असती. रणगाडे थोपवायला तिथे आपल्याकडे पुरेसं बळ नव्हतं. लष्करप्रमुख जनरल चौधरी संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि त्यांनी हवाई दलाची मदत मागितली.

संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं ज्यांच्याबद्दल आपल्या घराघरांत म्हटलं गेलं, ते. यशवंतरावांना पुरतं ठाऊक होतं की 1962 साली चीनशी लढताना आपली लढाऊ विमानं शत्रूवर हल्ला करायला उडालीच नव्हती. त्या न झालेल्या उड्डाणांची बोच देशाच्या मनात तीन वर्षं होती. आता निर्णय त्यांच्या पुढ्यात होता. त्यांनी समोरच्या सरदारजींना विचारलं, विमानं किती वेळात निघू शकतील?

हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांचं उत्तर होतं, एका तासात.

यशवंतरावांनी होकार दिला. आणि तासाच्या आतच पठाणकोटच्या धावपट्टीवरून पहिली विमानं छांबकडे झेपावली.

आज हवाई दल दिन आहे, 8 ऑक्टोबर, म्हणून ही आठवण. माझं लहानपण पुण्यात, लोहगावच्या विमानतळाजवळ गेलं. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की वर्गात बाईंचं बोलणं थांबायचं आणि आम्ही सगळी पोरं खिडकीकडे पळायचो. विमान चालवणारा माणूस कसा असेल, हे कुतूहल तेव्हापासूनचं. पुढे अर्जन सिंगांविषयी जितकं वाचत गेले, तितकी त्या ‘एका तासात’ या दोन शब्दांपाशी परत परत येत राहिले. आता वाटतं, ते उत्तर द्यायला त्यांना पंचवीस वर्षं लागली होती.

15 एप्रिल 1919 रोजी पंजाबातल्या लायलपूरला त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे आणि त्याला फैसलाबाद म्हणतात. घराणं घोडदळातल्या शिपायांचं. मुलगा पट्टीचा पोहणारा, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकत होता. एकोणिसाव्या वर्षी निवड झाली आणि तो थेट इंग्लंडमध्ये क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात गेला. आज आपली मुलं खडकवासल्याच्या एनडीएत जातात, पण तेव्हा देशात तशी सोयच नव्हती. 1939च्या डिसेंबरात ते वैमानिक अधिकारी झाले. महायुद्ध नुकतंच पेटलेलं.

पहिली नेमणूक वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानात. विमान होतं वापिटी, दोन पंखांच्या जोडीचं, उघड्या कॉकपिटचं. पुढे वैमानिक, मागे तोफची. खाली डोंगर, आणि डोंगरात अचूक नेमबाजी करणारे टोळीवाले. एकदा त्यांच्या गोळ्या विमानाला लागल्या आणि अर्जन सिंगांना ते एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरवावं लागलं. तोंडावर मार बसला, रक्त वाहत होतं. मागचा तोफची खाली उतरला आणि गोंधळात पळाला तो नेमका शत्रूच्या दिशेने. हे त्याच्यामागे धावले, गोळ्या चालू असताना, आणि त्याला वळवून आपल्या बाजूला घेऊन आले.

पराक्रमाच्या यादीत ही गोष्ट शोधावी लागते, शत्रूचं काही पाडलेलं नाही ना तिच्यात! मला मात्र ती सगळ्यांत मोठी वाटते. जखमी झालेल्या विशीतल्या मुलाने त्या क्षणी स्वतःचा नाही, मागच्या माणसाचा विचार केला.

मग आलं इंफाळ. 1944च्या फेब्रुवारीत ते हरिकेन विमानांची 1 नंबरची स्क्वाड्रन घेऊन तिथे उतरले. थोड्याच दिवसांत जपान्यांनी इंफाळला वेढा घातला. रस्ते बंद झाले, रसद आली तर विमानानेच. या स्क्वाड्रनच्या वैमानिकांनी डोंगर-जंगलांवरून खालून उडत शत्रू कुठे दडलाय ते हेरायचं, परत येऊन सांगायचं आणि पुन्हा निघायचं. ही कामं रोजची. शोध घेऊन आलेल्या वैमानिकाच्या शब्दावर खालची पायदळाची तुकडी हलणार, हे त्यांना पक्कं कळलं असेल ते इथे. त्या वेढ्यातच मित्रसेनांचे सरसेनापती माउंटबॅटन इंफाळला आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने अर्जन सिंगांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक लावलं. वय पंचवीस.

पुढच्याच वर्षी या सन्मानित अधिकाऱ्यावर कोर्ट मार्शलची पाळी आली. केरळात घरांच्या डोक्यावरून फार खालून विमान नेलं म्हणून. शिकाऊ वैमानिकाचं मनोधैर्य वाढायला अशी उड्डाणं लागतात, अशी बाजू त्यांनी मांडली आणि ते त्यातून निभावले. वस्तीवरून असं उडणं बरोबर नव्हतं, हे मी स्पष्ट म्हणेन. पण शिकणाऱ्याच्या भीतीची जबाबदारी शिकवणाऱ्याने आपल्या अंगावर घ्यावी, हे त्यातलं मला मोलाचं वाटतं.

15 ऑगस्ट 1947ला लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानं गेली, त्यांच्या अग्रभागी ते होते. जन्मगाव सीमेपलीकडे गेलं त्याच आठवड्यात! त्यानंतर एकेक बढती, पश्चिम भागातल्या लढाऊ तळांची जबाबदारी दोनदा, आणि 1 ऑगस्ट 1964 रोजी हवाई दलप्रमुखपद. वय अवघं पंचेचाळीस.

आता पुन्हा त्या संध्याकाळकडे येऊ, कारण ती पूर्ण सांगितली पाहिजे. पठाणकोटहून जी पहिली विमानं गेली ती व्हॅम्पायर होती. जेट खरी, पण जुनी, पुढचा भाग प्लायवूडचा. समोर पाकिस्तानची अमेरिकन बनावटीची सेबर जेट. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली. उजेड कमी होत होता, खाली दोन्हीकडचे रणगाडे मिसळलेले, आणि आपल्याच फौजेवरही आपल्या विमानांचा मारा झाला. पण पाकिस्तानी आगेकूच मंदावली आणि अखनूर राहिलं.

एका तासात म्हणणाऱ्या माणसाला व्हॅम्पायर काय आहे हे माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. जुन्या विमानात बसून गोळ्या खाल्लेला माणूस होता तो. आपण कुणाला कशात बसवून पाठवतोय याची त्याला इतरांपेक्षा जास्त जाण होती, आणि तरीही त्याने शब्द दिला, कारण छांबच्या आघाडीवर उभा असलेला जवान वर बघत होता. सेनापतीचं हे ओझं मला तरी फार मोठं वाटतं. त्या चार विमानांसाठी आजही माझा जीव तुटतो.

दुसऱ्या दिवसापासून व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली. मग इवलीशी नॅट विमानं पठाणकोटहून सेबरना भिडली. 6 सप्टेंबरला त्याच तळावर पाकिस्तानने हल्ला केला आणि जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जळाली. दुसऱ्या दिवशी आपली विमानं पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर गेली. 23 सप्टेंबरला युद्ध थांबलं. सगळं जिंकलं असं कुणी म्हणू नये. पण ज्या हवाई दलाला 1962 साली हात बांधून बसवलं होतं, ते आता पूर्ण ताकदीने लढलं होतं. त्यानंतर हवाई दलप्रमुखाचा हुद्दा एअर चीफ मार्शलचा झाला आणि तो मिळवणारे अर्जन सिंग पहिले.

1969 साली, पन्नाशीत, ते निवृत्त झाले. दलप्रमुख असतानाही स्वतः विमान उडवणं त्यांनी सोडलं नव्हतं. साठाहून अधिक प्रकारची विमानं त्यांनी चालवली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये राजदूतपद, केनियात उच्चायुक्तपद, दिल्लीचं उपराज्यपालपद, हे सगळं झालं. 2002च्या जानेवारीत त्यांना मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हा हुद्दा मिळाला. पाच तारे, तहहयात. हवाई दलात तो आजवर त्यांच्याशिवाय कुणाला मिळालेला नाही. 2015 साली डॉक्टर कलामांचं पार्थिव दिल्लीत आणलं तेव्हा शहाण्णव वर्षांचे अर्जन सिंग चाकाच्या खुर्चीतून उठले आणि ताठ उभं राहून त्यांनी सलाम केला. ते छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. 16 सप्टेंबर 2017 रोजी ते गेले.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. दिल्लीजवळ त्यांची शेती होती. म्हातारपणी त्यांनी ती विकली आणि त्यातून दोन कोटी रुपये एका न्यासाला दिले. हवाई दलातून निवृत्त झालेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. ते वाचलं तेव्हा मला वझिरिस्तानातला तो कोरडा ओढा आठवला, आणि चुकीच्या दिशेने पळणाऱ्या तोफचीमागे रक्ताळल्या चेहऱ्याने धावणारा मुलगा.

नमस्कार.